वाळीत टाकलेली शाहीर

ताईने टोळी काढायचं ठरवलं तेव्हा बारकी इतकी हसली की तिच्या नाकातून चहा आला.

“टोळी? दरोडे घालणार आहेस का?”

“केल्ट लोकांची टोळी,” ताई म्हणाली. “युरोपात फार जुन्या काळी राहायचे. चौकडीच्या लोकरीचे झगे, गळ्यात तांब्याची कडी, तोंडाला निळा रंग. आपण ते लोक व्हायचं. दिवसभर. प्रेक्षक नाहीत, संवाद पाठ करायचे नाहीत. जे झालो ते झालो, संध्याकाळपर्यंत त्यातून बाहेर यायचं नाही. लार्प म्हणतात त्याला.”

“आणि तू कोण होणार?”

“टोळीप्रमुख.”

“मग वेगळं काय करणार आहेस?” बारकी म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.

ताई पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात कापणीची प्रमुख होती. तिथे सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा, आणि त्या हाकेत मायेपेक्षा धाक जास्त असे. एका हॉटेलने चौकडीच्या लोकरी कापडाचे पडदे मागवून ऐनवेळी रंग आवडला नाही म्हणून परत पाठवले. ते तागे कोपऱ्यात धूळ खात पडले होते. असलं कापड मुळात कोण वापरायचं, हे बघता बघता ताई वाचत गेली. मग कुठल्या तरी परदेशी जंगलात फोमच्या तलवारी घेऊन धावणाऱ्या माणसांचे व्हिडिओ तिला सापडले, आणि ती त्यात पार बुडाली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या खिडक्यांची मापं घेतली होती. स्वतःचं असं काही उभं करावं, हे पहिल्यांदाच डोक्यात आलं होतं.

बारकी तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा बारकी पाटी-दप्तरातच होती. ताईने तिला वाढवलं, शिकवलं, आणि त्या पायी एक ठरत आलेलं लग्न हातचं घालवलं. “बहीण सोबत येणार असेल तर विचार करावा लागेल,” असं तो माणूस म्हणाला होता. ताईने विचार करायला वेळच दिला नाही. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. आता बारकी मोठी झाली होती, टॅक्सी कंपनीत फोनवर बसायची. तिचा आवाज असा, की गाडी चुकलेला, चिडलेला माणूससुद्धा फोन ठेवताना “काळजी घ्या हं” म्हणायचा.

वाचनालयाच्या फळ्यावर ताईने सूचना लावली. पहिल्या आल्या त्या खुद्द वाचनालयाच्या बाई. मग ड्रायव्हिंग शिकवणारे सर आले. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यावर कुणाला तरी तलवार मारायची त्यांना फार हौस होती. कोपऱ्यावरचा केमिस्ट आला. कारखान्यातल्या मशीनवरच्या दोघी मुली आल्या, कारण ताईला नाही कसं म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गावाबाहेर बंद पडलेली दगडखाण होती, आणि तिच्या कडेने उंच झाडी. ती टोळीची भूमी ठरली. ताईने सगळ्यांचे झगे स्वतः कापले. सोफ्याच्या फोममधून तलवारी कोरल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, तांब्याच्या तारांची कडी पिळली. नियमही तिनेच केले, काही वाचलेले, काही मनाचे. फक्त एक नियम सरांनी सुचवला. कुणाला खरोखर लागलं, खरोखर भीती वाटली, तर “दिवा लावा” असं ओरडायचं. त्या हाकेला सगळ्यांनी जिथल्या तिथे खेळ टाकून धावायचं.

“गाडीत माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो ना, तसं,” सर म्हणाले. ताईला ते पटलं.

पहिले काही रविवार बेताचेच गेले. माणसं लढायची, धापा टाकायची, आणि मग ताई दगडावर उभी राहून टोळीच्या पूर्वजांच्या कथा सांगायची. कथा तिने मेहनतीने रचल्या होत्या, पण सांगताना कारखान्यात कामं वाटून देतेय असं वाटायचं. मशीनवरच्या मुली डुलक्या घ्यायच्या. केमिस्ट दंडावरचे डास मारायचा.

एका रविवारी ताई औषधपट्टीची पिशवी घरी विसरली आणि ती द्यायला बारकी खाणीवर आली. नेमका त्याच वेळी केमिस्ट लढाईत मेला होता. झग्यासकट मध्यभागी आडवा पडला होता, सगळे गोल उभे, आणि पुढे काय बोलायचं कुणालाच सुचेना. बारकी कडेच्या दगडावर बसली होती. ती बसल्या बसल्याच बोलू लागली.

“हा पडला. ज्याने आमच्या खोकल्याला औषध दिलं आणि सुट्ट्याऐवजी गोळ्या दिल्या, तो पडला.”

सगळे खदखदून हसले. मेलेला केमिस्टही हसला. पण बारकी थांबली नाही. आवाज हळूहळू खाली आला. ज्याच्या घरात आज ताट वाढलेलं राहील, ज्याच्या चपला दाराशी तशाच राहतील आणि कुणाला त्या उचलवणार नाहीत, असं काहीबाही ती म्हणत गेली. हसू कधी विरलं ते कुणाला कळलंच नाही. ड्रायव्हिंगचे सर झग्याच्या टोकाने डोळे पुसत होते. त्यांचा भाऊ त्याच वर्षी गेला होता.

“हिला शाहीर करा,” वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. “टोळीला शाहीर हवाच.”

ताईने तिच्यासाठी झगा कापला. चांगला कापला.

त्यानंतर टोळी भराभर वाढली. कॉलेजातली पोरं आली, कुणी बहिणीला घेऊन आलं, कुणी नवऱ्याला ओढत आणलं. खाणीच्या फाटकाशी गाडीतून उतरतानाच विचारायचे, “शाहीर आहे ना आज?” लढाया आता बारकीच्या पोवाड्यात आपलं नाव यावं म्हणून व्हायला लागल्या. ती कुणालाही सोडायची नाही, आणि आपल्याला तिने सोडू नये असंच प्रत्येकाला वाटायचं. एकदा नव्या पोरींपैकी एकीने ताईला अदबीने विचारलं, “तुम्ही इथे कपड्यांचं बघता का?”

“हो,” ताई म्हणाली.

त्या दिवशी घरी परतताना बारकी नेहमीसारखी बडबडत होती. हिला सगळं असंच मिळतं, ताईच्या मनात आलं. हात पुढे न करता. मी कापायचं, मी शिवायचं, आणि हिने अंगावर घालून मिरवायचं. आपण हे बहिणीबद्दल म्हणतोय, हेही तिला कळत होतं. कळल्याने ते कमी झालं नाही.

मग चेष्टेचा दिवस आला. शाहिराला वर्षातून एकदा प्रमुखाची टर उडवायची मुभा, असा नियम ताईनेच केला होता. बारकी दगडावर चढली. ताईची कात्री झाली, ताईच्या आठ्या झाल्या, झोपेतसुद्धा उशीचा अभ्रा मोजते हेही झालं. लोक पोट धरून हसत होते. ताईही हसत होती. बारकीला चेव चढला.

“आमच्या राणीने प्रेम एकदाच केलं,” ती हात पसरून म्हणाली. “आधी त्याचं माप घेतलं. मग कळलं, कापड आखूड आहे! टाकला कोपऱ्यात!”

हशा इतका झाला की झाडीतली पाखरं उडाली. केमिस्ट तर खाली बसला.

बारकीच्या तोंडून शब्द गेला त्याच क्षणी तिचा चेहरा बदलला. तिने ताईकडे पाहिलं. ताई अजून हसत होती, फक्त तोंडाने.

“शाहिराने मर्यादा सोडली,” ताई उभी राहून म्हणाली. आवाज टोळीप्रमुखाचा होता, खणखणीत. “टोळी तिला वाळीत टाकते आहे. आजपासून ती कुणाला दिसणार नाही. तिचा आवाज म्हणजे वारा. पुढच्या खेळापर्यंत.”

“ओहो!” कुणीतरी टाळी वाजवली. हे भलतंच रंगलं होतं. बारकीने एकवार ताईच्या डोळ्यांत बघितलं आणि मग खेळाला साजेशी गुडघ्यावर बसली, झगा डोक्यावरून ओढला आणि मान खाली घालून गोलाबाहेर निघून गेली. नव्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

घरी आल्यावर बारकीने चहा टाकला. “ताई, ते चुकून निघालं गं. तोंडाला लगामच नाही माझ्या.”

ताईने स्वतःचा चहा वेगळा टाकला.

“अगं, घरीसुद्धा?” बारकी हसली. “बरं, बरं. मी भूत.”

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. ताईने टोळीतल्या सगळ्यांना कळवलं होतं, या वेळी खेळ मोडायचा नाही, पुढच्या रविवारपर्यंत चालू ठेवायचा. लोकांना फार मजा वाटली. बारकी डोकं दुखतं म्हणून गोळी घ्यायला गेली, तर केमिस्टने तिच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “बोला, काय देऊ?” बारकी पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, “अहो, खरंच दुखतंय.” केमिस्ट डोळा मारून फडताळ पुसायला लागला. आपण किती छान करतोय असंच त्याच्या तोंडावर होतं. मशीनवरच्या मुली रस्त्यात भेटल्या, तर माना वळवून निघून गेल्या. त्यांना मजाही वाटत नव्हती, नुसती ताईची भीती होती.

शनिवारी बारकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. “ताई, बास ना. मला माहीत आहे, तो विषय मी काढायला नको होता. माझ्यासाठीच तू त्याला नाही म्हणालीस, तेही माहीत आहे. शिव्या घाल, दोन थोबाडीत ठेव. पण बोल.”

ताईने फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली. पुसत पुसत बारकीच्या कोपरापर्यंत आली. कोपर तिथे नाहीच अशा थाटात तिने फडकं पुढे ढकललं. बारकीने हात उचलून घेतला. तिचा खालचा ओठ लहानपणी व्हायचा तसा झाला होता. ताईने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

रविवारी ताईने टोळीसमोर निवाडा सांगितला. वाळीत टाकलेल्याला परत यायचं तर टोळीचं हरवलेलं कडं शोधून आणावं लागेल. कडं तिने सकाळीच जाऊन खाणीच्या भिंतीतल्या एका खोबणीत ठेवलं होतं, अशा जागी की चढावं लागेल, हात खरचटतील, थोडी फजिती होईल.

“आणि तोवर तिचा आवाज वारा,” ताई म्हणाली.

“पण ‘दिवा लावा’ म्हटलं तर?” वाचनालयाच्या बाईंनी विचारलं.

“वाळीत म्हणजे वाळीत.”

“ताई, ते बरोबर नाही,” सर म्हणाले. “तो ब्रेक आहे.”

“मग त्याला अर्थ काय राहिला, सर? जरा काही झालं की ती तेच ओरडेल. नाटकी आहे ती, तुम्ही ओळखता तिला.”

ओळखत सगळेच होते. काही जण हसले. सर आपली फोमची तलवार उचलायला वळले. उन्हं चांगली होती, दोन गट पडले होते, लढाई सुरू व्हायची होती, आणि खोटं कशाला बोला, हा नवा नियम बहुतेकांना जरा थरारक वाटला होता. बारकी कडेला उभी राहून ऐकत होती. झगा सावरून ती खाणीकडे चालू लागली.

दुपार कलली तेव्हा ताई आपल्या गटाला घेऊन झाडीतून जात होती. खाणीकडून दगड घसरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ किंकाळी.

“दिवा लावा!”

कॉलेजातली पोरं थबकली. मशीनवरची एक मुलगी पांढरीफटक पडली.

“दिवा लावा! अहो, कुणीतरी दिवा लावा!”

“जबरी करते ना,” केमिस्ट पुटपुटला, पण तोही पुढे सरकला नव्हता. सगळे ताईकडे बघत होते.

“वारा आहे,” ताई म्हणाली. “चला.”

ते चालायला लागले. मग तिसरी हाक आली.

“तायडे! तायडे गं!”

आई गेल्यानंतरच्या दिवसांत अंधारात जाग आली की बारकी तशी हाक मारायची. मोठी झाल्यावर तिने तो शब्द टाकून दिला होता. नाटकात तो आला नसता. हे खरं आहे, हे ताईला कळलं, आपण उभे आहोत हे जसं कळतं तसं.

“तुम्ही व्हा पुढे,” ती गटाला म्हणाली. “मी मागून येते.”

ती खाणीच्या काठावर गेली. खाली दगडांच्या ढिगावर बारकी पडली होती. एक पाय कमरेपासून भलत्याच दिशेला वळला होता. हातात तांब्याचं कडं होतं. तिने वर पाहिलं, ताईला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं.

“आलीस,” ती म्हणाली.

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पलीकडच्या दगडांकडे पाहिलं. थोडा वेळ, तिच्या मनात आलं. अजून थोडाच वेळ. मग जाऊ. एवढ्याने काही मरत नाही ती. आणि ती वळून झाडीत चालू लागली. मागून हाक आली नाही. हाक आली असती तर आपण परतलो असतो, असं तिने पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं.

ती गेली ती लढाईत सापडली. तिचा गट जिंकला. दगडावर उभं राहून तिने विजयाचं भाषण केलं, आणि नवल म्हणजे त्या दिवशी ते चांगलं झालं. लोक कान देऊन ऐकत होते. बोलणं संपवावं असं तिला वाटत होतं आणि संपवताही येत नव्हतं.

झग्यांच्या घड्या घालताना वाचनालयाच्या बाईंच्या लक्षात आलं की शाहीर कुठेच नाही. त्या खाणीकडे धावल्या. तोवर उन्हं भिंतीच्या मागे गेली होती आणि बारकीची शुद्ध हरपत चालली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. आणखी लवकर आणलं असतं तर रक्त इतकं गेलं नसतं, मांडीच्या नसेवर दाब पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. आता एक पाय कायम ओढतच चालावं लागणार होतं. टोळी दवाखान्यात पाळीपाळीने येऊन गेली. सगळे एकच वाक्य बोलत होते, “आम्हाला वाटलं, तू नाटक करतेस.” सर तर रडलेच आणि परत कधी खाणीवर फिरकले नाहीत.

“वाटणारच,” बारकी प्रत्येकाला म्हणाली. “मी आहेच तशी नाटकी.”

एकदा ताई बाहेरून फळं घेऊन आली तेव्हा पडद्याआडून वाचनालयाच्या बाईंचा आवाज ऐकू आला. “खरं सांग मला. ताई काठापर्यंत आली होती ना? पोरं म्हणतात, ती मागे राहिली होती.”

ताई पडद्याबाहेरच थांबली.

“नाही,” बारकी म्हणाली. “कुणी नव्हतं आलं.”

ताईला आधी हायसं वाटलं. मग तिने फळांची पिशवी खाली ठेवली आणि ती बाहेरच उभी राहिली.

घरी आल्यावर ताईने बारकीचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, पाय चोळले, कारखान्यातून रजा काढली. बारकी प्रत्येक गोष्टीला “थँक्यू” म्हणायची. पाणी दिलं की थँक्यू, उशी सरकवली की थँक्यू. “तुला उगीच त्रास,” म्हणायची, “सावकाश कर, घाई नाही.” टॅक्सीच्या फोनवर अनोळखी माणसांशी बोलायची तोच तो गोड आवाज. चेष्टा नाही, चिडचिड नाही, रुसवाही नाही. ताई वाट बघत होती. आज बोलेल, उद्या बोलेल. एका सकाळी पाय चोळता चोळता तिलाच राहवलं नाही.

“मी आले होते तिथे,” ती म्हणाली. “मी पाहिलं तुला. पाहून गेले.”

“माहीत आहे,” बारकी म्हणाली.

“मग बोल ना काहीतरी! ओरड! जगाला सांग, माझ्या तोंडावर थुंक!”

बारकीने विचार केल्यासारखं केलं. “कशाला?” ती म्हणाली. “जरा वरच्या बाजूला चोळशील? तिथे जास्त दुखतं. थँक्यू.”

चालता यायला लागल्यावर बारकीने टॅक्सी कंपनीजवळ तळमजल्यावरची खोली घेतली. जिने चढवत नाहीत, असं कारण सांगितलं. कारण खरंच होतं, त्यामुळे ताईला वाद घालायला जागा उरली नाही.

टोळी मात्र बंद पडली नाही. ताई जाणार नव्हती, पण केमिस्ट घरी आला, पोरं आली. पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा फाटकाशी कितीतरी नवे चेहरे उभे होते. गोष्ट सगळीकडे पसरली होती. इथे खेळ हाड मोडलं तरी थांबत नाही, इथली प्रमुख सख्ख्या बहिणीच्या हाकेला वळली नाही, असं लोक एकमेकांना सांगत होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ताई आली तशी ती माणसं बाजूला सरली, तिला वाट करून दिली, आणि कुणीतरी भीतभीत तिच्या झग्याच्या काठाला बोट लावून पाहिलं. तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. ती दगडावर चढली.

बारकीचं सामान पोचवायला ताई स्वतः गेली. कपड्यांच्या पेट्या लावल्या, खिडकीचं माप घेतलं, पडदा टांगला. घरमालकीण डोकावली आणि काठीवर टेकून उभ्या असलेल्या बारकीला तिने विचारलं, “या कोण?”

“माझी ताई,” बारकी म्हणाली. “फार करते माझं.”

“नशीबवान आहेस गं,” मालकीण म्हणाली.

“हो ना.”

ताईने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. काहीच नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. सध्या कंपनीचे फोन बारकी खोलीवरूनच घ्यायची, आणि तिची कामाची वेळ सुरू झाली होती. ती खुर्चीत सावकाश बसली, दुखरा पाय हाताने उचलून स्टुलावर ठेवला, आणि पलीकडच्या कुणाला तरी लाघवीपणाने म्हणाली, “बोला, कुठे जायचंय आपल्याला?”

ताई दाराशी थोडा वेळ घुटमळली. बस म्हणून कुणी म्हटलं नाही, जा म्हणूनही नाही. मग तिने मोजपट्टी गुंडाळून पर्समध्ये टाकली, दार हलकेच ओढून घेतलं आणि बस थांब्याच्या दिशेने चालू लागली.